रूथची कथा : हेसेद, आप्तधर्म आणि परकी स्त्री

हिब्रू बायबलातील ‘रूथ’ हा ग्रंथ अवघ्या ४ अध्यायांचा व ८५ वचनांचा आहे. त्यात युद्ध नाही, चमत्कार नाही, संदेष्ट्याची वाणी नाही. दुष्काळामुळे परदेशी गेलेले एक कुटुंब, तेथे विधवा झालेल्या तीन स्त्रिया, आणि सासूची साथ न सोडता तिच्या गावी आलेली परदेशी सून, एवढाच त्याचा विषय. जर्मन कवी गटे याने १८१९ साली आपल्या ‘दिवान’ला जोडलेल्या टिपणांत या कथेची एक मनोहर लघुकाव्य म्हणून प्रशंसा केली, आणि तेव्हापासून ग्रामजीवनाचे रम्य चित्र म्हणूनच ती वाचण्याचा प्रघात पडला. या प्रशंसेमुळे ग्रंथाचा लौकिक वाढला खरा. परंतु कथेचा शेवट गाववेशीवर भरलेल्या न्यायसभेत होतो, आणि तेथे जमीन, वारसा, विवाह व परकी स्त्री या चार गोष्टींचा एकदम निकाल लागतो, याकडे मात्र वाचकांचे दुर्लक्ष झाले. या ग्रंथाला इतिहासाचे साधन म्हणून कितपत मोल आहे, आणि असल्यास ते कोणत्या काळाच्या इतिहासाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. ग्रंथाचे स्थान

कथेच्या पहिल्याच वचनात ती शास्त्यांच्या काळात घडल्याचे म्हटले आहे. या उल्लेखास अनुसरून ग्रीक भाषांतरात हा ग्रंथ ‘शास्ते’ या ग्रंथानंतर ठेवण्यात आला, आणि ख्रिस्ती बायबलांत तोच क्रम रूढ झाला. हिब्रू परंपरेत मात्र तो इतिहासग्रंथांत न बसता ‘कतुवीम’ म्हणजे लेखसंग्रह या तिसऱ्या विभागात येतो. पाच लघुग्रंथांपैकी तो एक असून गव्हाच्या कापणीशी निगडित असलेल्या शावुओत या सणाच्या वेळी वाचला जातो. लेनिनग्राड हस्तलिखित या नावाने प्रसिद्ध असलेल्या, ११ व्या शतकाच्या आरंभीच्या प्रतीत तो ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या लगेच पुढे येतो. ‘नीतिसूत्रे’च्या अखेरीस ‘एशेत हायिल’ म्हणजे कर्तृत्ववान स्त्री हिचे वर्णन आहे. आणि सबंध हिब्रू बायबलात कथेतील एखाद्या स्त्रीला हे बिरुद कोणी दिले असेल तर ते बवाजाने रूथला. असा क्रम लावणाऱ्यांना हा संबंध जाणवला असावा, असे मानावयास हरकत नाही.

ग्रंथाचा पाठ पुष्कळ सुस्थितीत आहे. मृत समुद्राजवळच्या कुम्रान येथील गुहांतून रूथच्या ४ हस्तलिखितांचे तुकडे मिळाले आहेत. ग्रंथकर्ता कोण, याविषयी ग्रंथ स्वतः काहीच सांगत नाही. बाबिलोनी तालमुदात त्याचे कर्तृत्व शमुवेलाकडे दिले असले तरी आधुनिक संशोधनास ते ग्राह्य वाटत नाही.

२. कथासूत्र

बेथलेहेम या गावाच्या नावाचा अर्थच ‘भाकरीचे घर’ असा आहे. आणि कथेचा आरंभ त्याच गावी अन्न नाहीसे झाल्यापासून होतो. अलीमलेख हा आपली पत्नी नामी व दोन मुलगे यांसह मृत समुद्रापलीकडील मवाब देशात जातो. तेथे तो मरतो. मुलगे मवाबी मुलींशी लग्ने करतात व पुढे तेही मरतात. महलोन व खिल्योन या त्यांच्या नावांत आजारपणाचा व क्षयाचा ध्वनी आहे. नामी स्वदेशी परतावयास निघते आणि दोघी सुनांना माहेरी जाण्यास सांगते. अर्पा रडतरडत परत फिरते. रूथ मात्र सासूचे लोक, सासूचा देव आणि सासूची मरणभूमी हीच आपली मानून तिच्याबरोबर येते.

दोघी बेथलेहेमास पोहोचतात ती जवाच्या कापणीची वेळ होती. रूथ शेतात सरवा वेचावयास जाते आणि योगायोगाने अलीमलेखाचा आप्त बवाज याच्या शेतात येते. पुढे नामीच्या सांगण्यावरून ती रात्री खळ्यावर जाऊन बवाजाकडे आश्रय मागते. बवाजाहूनही जवळचा एक आप्त असतो. त्याने नकार दिल्यावर बवाज दहा वडीलधाऱ्यांसमक्ष जमीन सोडवून घेतो व रूथशी विवाह करतो. त्यांना ओबेद हा पुत्र होतो. ओबेदाचा पुत्र इशाय आणि इशायाचा दावीद. अखेरीस पेरेसापासून दावीदापर्यंतच्या दहा पिढ्यांची वंशावळ देऊन ग्रंथ समाप्त होतो.

३. ‘हेसेद’ या शब्दाचा विचार

या कथेचा कणा ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द होय. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द सापडणे कठीण आहे. ‘दया’ म्हटले तर त्यातील बांधिलकी सुटते. ‘निष्ठा’ म्हटले तर माया सुटते. ‘कर्तव्य’ म्हटले तर त्यातील स्वेच्छा हरवते. या शब्दावरील आधुनिक चर्चेला खरे वळण नेल्सन ग्लूक यांच्या १९२७ मधील जर्मन प्रबंधाने लागले. हेसेद म्हणजे उत्स्फूर्त कृपा नसून करारातून किंवा नात्यातून उत्पन्न होणारे परस्पर कर्तव्य होय, असे त्यांनी मांडले. १९७८ मध्ये कॅथरिन साकेनफेल्ड यांनी या मतात महत्त्वाची दुरुस्ती सुचविली. त्यांच्या मते नाते हा हेसेदाचा पाया असतोच, पण ज्याच्यावर सक्ती करता येत नाही अशा व्यक्तीने, दुसऱ्याची निकड ओळखून केलेली ती कृती असते.

या वादात रूथच्या कथेची साक्ष मोलाची आहे. ग्रंथात हा शब्द तीन वेळा येतो. प्रथम नामी तो आपल्या सुनांविषयी वापरते : त्यांनी मृतांशी व आपल्याशी जे हेसेद केले तसे देवाने त्यांच्याशी करावे, असा ती आशीर्वाद देते. दुसऱ्यांदा बवाजाच्या औदार्याची वार्ता ऐकून ती तो उच्चारते. तेथे हेसेद करणारा बवाज की देव, हे वाक्यरचनेवरून निश्चित होत नाही, आणि ही संदिग्धता बहुधा हेतुपुरस्सर आहे. तिसऱ्यांदा खळ्यावर बवाज रूथला म्हणतो, की तिचे हे नंतरचे हेसेद पहिल्यापेक्षाही श्रेष्ठ आहे. कारण तरुण वर शोधण्याची मोकळीक असूनही तिने आप्ताचाच मार्ग धरला.

यातील पहिला उल्लेख विशेष ध्यानात घ्यावयास हवा. ग्रंथात हेसेदाचे श्रेय सर्वप्रथम दिले जाते ते दोन मवाबी स्त्रियांना, आणि त्यांत परत फिरणारी अर्पाही आहे. अर्पेची निर्भर्त्सना कथाकार कोठेही करीत नाही. तिने सासूची आज्ञा पाळली. तिच्याकडून याहून अधिक मागण्याचा कोणासही अधिकार नव्हता. चौथ्या अध्यायातील अनाम आप्ताचेही तसेच आहे. आपल्या वतनाला बाध येईल या भीतीने तो नकार देतो आणि कायदा त्याला तशी मुभा देतो. अर्पा व हा आप्त ही दोन्ही पात्रे कर्तव्याची सीमारेषा दाखविण्यासाठी योजिली आहेत. रूथ व बवाज हे ती रेषा ओलांडून पुढे जातात. या जोड्यांची मांडणी पाहता साकेनफेल्ड यांचे मत या ग्रंथापुरते तरी अधिक सयुक्तिक ठरते. त्या आप्ताला कथेत नाव दिलेले नाही. ‘पलोनी अल्मोनी’, म्हणजे अमका तमका, एवढाच त्याचा उल्लेख आहे. जो स्वतःचे वतन राखावयास गेला त्याचेच नाव उरले नाही, हा कथाकाराचा मार्मिक न्याय होय.

४. कायदा आणि त्याचा विस्तार

कथेत तीन प्राचीन संस्थांचा उपयोग केलेला आहे : सरवा वेचण्याचा हक्क, ‘गोएल’ म्हणजे सोडवणूक करणाऱ्या आप्ताची जबाबदारी, आणि निपुत्रिक मृताच्या विधवेशी त्याच्या भावाने विवाह करण्याची चाल.

सरव्याविषयीचे नियम ‘लेवीय’ व ‘अनुवाद’ या ग्रंथांत आहेत. शेताचे कोपरे पूर्ण कापू नयेत, गळालेली कणसे उचलू नयेत. ती परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी ठेवावीत, असा त्यांचा आशय आहे. रूथ विधवाही आहे आणि परदेशीही. तरीही ती परवानगी मागून वेचते, आणि कामकऱ्यांकडून उपद्रव होण्याचा धोका बवाज व नामी या दोघांच्याही बोलण्यात सूचित होतो. कायद्याने दिलेला हक्क आणि शेतातील प्रत्यक्ष वागणूक यांतील अंतर कथाकाराला पक्के ठाऊक आहे. बवाज नियमापुढे जातो : पेंढ्यांमधून मुद्दाम कणसे ओढून टाकावयास तो आपल्या माणसांना सांगतो. संध्याकाळी रूथ झोडपून पाहते तो एक एफाभर जव निघतात. एफा हे माप सामान्यतः २० लिटरांच्या आसपासचे मानले जाते. दिवसभराच्या सरव्यात एवढे धान्य मिळत नसते, हे ऐकणाऱ्या शेतकऱ्यांना सांगावे लागले नसेल.

गोएलाची जबाबदारी ‘लेवीय’च्या २५ व्या अध्यायात येते : दारिद्र्यामुळे कोणी जमीन विकली तर जवळच्या आप्ताने ती सोडवावी. विधवेशी विवाहाचा नियम ‘अनुवाद’च्या २५ व्या अध्यायात असून तो एकत्र राहणाऱ्या सख्ख्या भावांपुरताच आहे. या दोन नियमांचा एकमेकांशी संबंध कोणत्याही विधिग्रंथात जोडलेला नाही. तो प्रथम जोडते रूथ, खळ्यावर. बवाजाने आपल्यावर वस्त्र पसरावे अशी मागणी ती करते, आणि त्याला कारण देते ते त्याच्या गोएलपणाचे. वस्त्राच्या पदरासाठी तेथे योजलेला ‘कानाफ’ हा शब्द ‘पंख’ या अर्थीही आहे. बवाजाने पूर्वी शेतात तिला इस्राएलच्या देवाच्या पंखांखाली आश्रय घ्यावयास आलेली असे म्हटले होते. त्याने प्रार्थनेत उच्चारलेला शब्द त्यालाच कृतीत उतरवावयास लावणारी ही स्त्री केवळ आज्ञाधारक सून नाही. नामीने तिला बवाज सांगेल तसे कर एवढेच सांगितले होते. काय करावयाचे ते प्रत्यक्षात रूथच बवाजाला सांगते.

वेशीवरील प्रसंगात बवाज हीच जोडणी न्यायसभेपुढे मांडतो. तो प्रथम केवळ जमिनीचा प्रश्न काढतो. आप्त होकार देतो. मग मृताचे नाव त्याच्या वतनावर चालविण्यासाठी विधवेचा विषय येतो आणि आप्त माघार घेतो. येथे ४:५ मधील एका क्रियापदाचे दोन पाठ आहेत : लिखित पाठाप्रमाणे विधवेचा स्वीकार ‘मी करतो’ असा, तर पठनपरंपरेप्रमाणे ‘तू करावास’ असा अर्थ होतो. बहुतेक भाषांतरे दुसरा पाठ घेतात. जॅक सासन यांनी १९७९ मधील आपल्या भाष्यात पहिल्याचा पुरस्कार केला. कोणताही पाठ घेतला तरी जमीन व विवाह यांची सांगड येथे नव्याने घातली जात आहे, हा निष्कर्ष बदलत नाही.

जोड्याच्या विधीतही असाच फरक आहे. ‘अनुवाद’मध्ये नकार देणाऱ्या दिराच्या पायातील जोडा विधवा स्वतः काढते व त्याच्या तोंडावर थुंकते, हेतू त्याची मानहानी हा असतो. रूथच्या कथेत आप्त स्वतःच जोडा काढून देतो. कोणाची अप्रतिष्ठा होत नाही, रूथ तेथे हजरही दिसत नाही, आणि हा विधी मालमत्तेच्या हस्तांतराची खूण म्हणून समजावला जातो.

आपल्याकडील अभ्यासकांस या ठिकाणी नियोगाची आठवण होणे साहजिक आहे. निपुत्रिक मृताचा वंश चालावा हा हेतू दोन्हींत समान आहे. परंतु महामहोपाध्याय काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त सविस्तर चर्चिलेला नियोग हा विवाह नव्हे, तो मर्यादित काळापुरता अधिकार होता, आणि मनुस्मृतीत तो सांगून लगेच निषिद्धही ठरविला आहे. रूथच्या कथेत पूर्ण विवाह आहे व अखेरच्या वंशावळीत पुत्र महलोनाचा न ठरता बवाजाचाच गणला आहे. तेव्हा साम्य दाखवावे, पण एकाचे नाव दुसऱ्यास देऊ नये.

५. ‘मवाबी’ हे विशेषण

मवाब हा इस्राएलचा निकटचा शेजारी. १८६८ साली धीबान येथे सापडलेला व सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेला मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख इ. स. पू. ९ व्या शतकाच्या मध्यास कोरलेला आहे. त्याची भाषा हिब्रूशी इतकी जवळची आहे, की नामी व रूथ यांच्या संभाषणास दुभाष्याची गरज पडू नये. परंतु त्याच लेखात मेशा हा कमोश देवाच्या नावाने इस्राएलवर मिळविलेल्या विजयांची व कत्तलींची प्रौढी सांगतो. भाषेने जवळ व स्मृतीने वैरी, असे हे नाते होते. ‘उत्पत्ती’ या ग्रंथात मवाबाचा जन्म लोट व त्याची मुलगी यांच्या निषिद्ध संबंधातून झाल्याचे सांगितले आहे, ‘गणना’मध्ये मवाबी स्त्रिया इस्राएली पुरुषांना मूर्तिपूजेकडे ओढतात, आणि ‘अनुवाद’च्या २३ व्या अध्यायात मवाबी मनुष्याला दहाव्या पिढीपर्यंतही देवाच्या मंडळीत प्रवेश नाकारलेला आहे.

असे असता ‘मवाबी रूथ’ हे शब्द कथेत पाच वेळा येतात. ती मवाबची आहे हे एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगण्याची कथानकाला गरज नाही. वाचकाला त्याचा विसर पडू नये, हीच कथाकाराची इच्छा दिसते. या विशेषणाचे शेवटचे स्थान तर फारच बोलके आहे. ४:१० मध्ये बवाज साक्षीदारांसमोर विवाह जाहीर करतो, तेव्हा तो तिला पूर्ण नावाने ‘मवाबी रूथ’ म्हणतो. त्यानंतर लोक तिची तुलना राहेल, लेआ व तामार यांच्याशी करतात. आणि पुढे तिचा उल्लेख येतो तो केवळ ‘रूथ’ असा. हे विशेषण लपवून विवाह झालेला नाही; ते सभेत मोठ्याने उच्चारले गेले, सभेने साक्ष दिली, आणि मग ते गळून पडले.

६. कालनिर्णय

ग्रंथ केव्हा रचला गेला याविषयी दोन मुख्य पक्ष आहेत. एक पक्ष तो राजसत्तेच्या काळातील मानतो. एडवर्ड कॅम्पबेल यांनी १९७५ च्या भाष्यात इ. स. पू. १० वे ते ८ वे शतक हा काळ सुचविला. दावीदाच्या मवाबी पूर्वजेची कथा वैरभावाच्या उत्तरकाळात कोणी नव्याने रचली नसती, आणि दावीदाने आपल्या आईबापांना मवाबच्या राजाकडे ठेवल्याचा उल्लेख ‘शमुवेला’त आहेच, हे या पक्षाचे बळ. दुसरा पक्ष ग्रंथाला इराणी साम्राज्याच्या काळात, इ. स. पू. ५ व्या शतकात किंवा त्यानंतर ठेवतो. भाषेतील काही उत्तरकालीन रूपे, आणि जोड्याचा विधी ‘पूर्वी’ इस्राएलात होता असे कथाकारालाच समजावून सांगावे लागते ही गोष्ट, हे त्याचे आधार होत. यांपैकी एकही पुरावा एकटा निर्णायक नाही.

तथापि एक शब्द विशेष विचारार्ह आहे. शेतात बवाजाने दया दाखविताच रूथ स्वतःला ‘नोक्रिया’ म्हणजे परकी स्त्री म्हणविते. एज्राच्या १० व्या अध्यायात ज्या बायकांना मुलांसह घालवून देण्याचा निर्णय यरुशलेमात झाला, त्यांना हाच शब्द अनेकवचनी लावलेला आहे. आणि नहेम्याच्या १३ व्या अध्यायातही तोच येतो. नहेम्या इ. स. पू. ४४५ मध्ये यरुशलेमास प्रथम आला. इ. स. पू. ४३३ नंतरच्या दुसऱ्या भेटीत अश्दोद, अम्मोन व मवाब येथील स्त्रियांशी विवाह केलेल्या यहूद्यांना त्याने कठोर शासन केले. मवाबींविषयीचा ‘अनुवाद’मधील निर्बंध त्याच सुमारास जाहीरपणे वाचला गेला. नहेम्याने दाखला दिला तो शलमोनाचा : एवढा थोर राजा, पण परक्या बायकांनी त्यालाही पापात पाडले. रूथचा ग्रंथ त्याच राजघराण्याकडे बोट दाखवून संपतो, पण एक पाऊल मागे जाऊन : शलमोनाचा पिता दावीद हाच एका परक्या स्त्रीचा पणतू.

बहिष्काराचे हे धोरण सर्वत्र मान्य होते असे नाही. १९५३ मध्ये एमिल क्रेलिंग यांनी प्रसिद्ध केलेल्या एलिफंटाइन येथील पपायरसांत इ. स. पू. ४४९ चा एक विवाहकरार आहे. त्यात अनन्या नावाचा, यहूदी देवालयाचा सेवक, तामुत या इजिप्ती दासीशी विवाह करतो. आणि पतीच्या पश्चात पत्नीच्या मालमत्तेवरील अधिकाराचे कलमही त्या करारात आहे. परकी पत्नी व तिच्याकडे जाणारी मालमत्ता हा त्या शतकातील यहूद्यांचा खराखुरा व्यवहारी प्रश्न होता, आणि रूथच्या चौथ्या अध्यायात हीच दोन सूत्रे एकत्र गुंफलेली आहेत. या कारणास्तव कथेचे मूळ जुने असले तरी ग्रंथाचे सध्याचे रूप इराणी काळातील मानणे अधिक संभवनीय वाटते.

मात्र त्यास एज्रा-नहेम्यांविरुद्धचे प्रचारपत्रक म्हणणे योग्य होणार नाही. ग्रंथात कोणावरही टीका नाही; मवाबींविषयीच्या निर्बंधाचा उल्लेखही नाही. कोणताही नियम रद्द करावा असे कथाकार सुचवीत नाही. जे नियम आहेत त्यांतूनच, हेसेदाच्या बळावर, तो परकीला आत येण्याची वाट काढतो, आणि ती वाट चोरून न काढता वेशीवर, साक्षीदारांच्या तोंडून मान्य करवून घेतो.

७. उत्तरकालीन साक्ष

कथाकाराची ही पद्धती पुढे प्रत्यक्ष धर्मशास्त्रात उतरली. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात ‘यवामोत’ या प्रकरणात असा निर्णय आहे, की अम्मोनी व मवाबी पुरुषांना प्रवेश निषिद्ध आहे, परंतु त्यांच्या स्त्रियांना नाही. तालमुदातील चर्चा मूळ वचनातील पुल्लिंगी रूपावर भर देते आणि हा निर्णय दावीदाच्या कुलशुद्धीशी जोडते. निर्बंध शाबूत राहिला आणि रूथही आत राहिली. ‘रूथ रब्बा’ या भाष्यग्रंथात, शुद्धाशुद्ध वा विधिनिषेध न सांगणारा हा ग्रंथ लिहिला गेला तरी कशाला, असा प्रश्न उपस्थित करून, हेसेद करणाऱ्यास केवढे फळ मिळते हे शिकविण्यासाठी, असे उत्तर दिले आहे. ख्रिस्ती परंपरेत मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीत रूथचे नाव आले.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की शास्त्यांच्या काळातील समाजस्थितीचे चित्र म्हणून या ग्रंथाचा उपयोग अतिशय सावधपणे करावा लागेल. समाजाचा घटक कोण, या इराणी काळातील वादाचे साधन म्हणून मात्र तो अव्वल दर्जाचा आहे. एज्रा व नहेम्या यांच्या ग्रंथांतून त्या वादाची एकच बाजू ऐकू येते. रूथच्या ग्रंथामुळे दुसरी बाजूही ऐकू येते, आणि ती कुटुंबातील माणसांच्या तोंडून येते.

दुसरा निष्कर्ष या उदारतेच्या मर्यादेविषयी आहे. रूथला समाजात स्थान मिळाले ते तिच्या असामान्य आचरणामुळे, एका सधन आप्ताच्या पुढाकारामुळे आणि पुत्रजन्मामुळे. चौथ्या अध्यायात तिच्या तोंडी एकही शब्द नाही. मूल होते तेव्हा शेजारणी म्हणतात की नामीला पुत्र झाला. सात मुलांहून सून अधिक मोलाची असे त्याच स्त्रिया सांगतात, हे खरे, पण तेही नामीला. एज्राच्या काळात ज्या परक्या स्त्रियांना मुलांसह घराबाहेर पडावे लागले, त्यांतील बहुतेकजणी रूथसारख्या असामान्य नसाव्यात. अर्पेसारख्या सामान्य, भल्या बायका असाव्यात. त्यांची नावे कोणी नोंदविली नाहीत. एज्राच्या यादीत नावे आहेत ती त्यांच्या नवऱ्यांची. नामीने हेसेदाचे श्रेय रूथबरोबर अर्पेलाही दिले होते, याची आठवण संशोधकाने ठेवली पाहिजे. कथाकार ज्या प्रश्नापाशी थांबतो तो हाच, की असामान्य स्त्रीसाठी उघडलेले दार सामान्य स्त्रीलाही उघडे असावे की नाही. त्याचे उत्तर त्याने दिलेले नाही. परंतु अर्पेला त्याने दोष दिला नाही, एवढी साक्ष ग्रंथात निश्चित आहे.